उचललेला भंडारा

आमच्या शाळेचा पाणीमंत्री मीच नेमत असे. सातवीतला एखादा अंगापिंडानं मजबूत मुलगा बघायचा, त्याच्या हातात पाणी वाढायचं वगराळं द्यायचं आणि "आजपासून तू पाणीमंत्री" म्हणायचं. सफाईमंत्री, परिपाठमंत्री वगैरे मंडळी वर्गाला हात वर करायला लावून दहा मिनिटांत उरकायची. या प्रकाराला आम्ही निवडणूक म्हणत होतो आणि वरिष्ठांना तसं कळवतही होतो.

शाळा वाळूजच्या पलीकडची, जिल्हा परिषदेची. गाव म्हणायचं, पण तेव्हाचं औरंगाबाद रोज थोडं थोडं सरकत त्याच्या अंगावर आलं होतं. शाळेच्या एका बाजूला तुरीचं रान आणि दुसऱ्या बाजूला तसल्याच रानात चुन्याच्या रेघा मारून पाडलेले प्लॉट. पोरंही दोन तऱ्हेची. काही गावातल्या जमीनवाल्यांची, ज्यांच्या बापांनी रान विकून गाड्या घेतल्या होत्या. बाकीची मागच्या माळावर पत्र्याच्या खोल्या टाकून राहिलेल्यांची. त्यात मेंढपाळांची घरं बरीच. घरातली निम्मी माणसं मेंढरांमागं आणि निम्मी बांधकामावर, असं त्यांचं चाललेलं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. शाळा सुरू होऊन महिना होत आला तरी आभाळ कोरडं. शाळेच्या काळ्या टाकीत एक दिवसाआड टँकर यायचा. टाकीच्या नळाला कुलूप. पाणी रांजणात ओतायचं आणि दुपारी खिचडीच्या वेळी वगराळ्यानं एकेकाला एक पेला द्यायचा. त्यामुळं वगराळं ज्याच्या हातात तो शाळेचा राजा. कुणाला आधी, कुणाचा पेला काठोकाठ, कुणाचा बोटभर कमी, हे सगळं त्याच्या मनगटात असायचं. पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली रेटारेटीत मागं पडायची आणि रांजणाच्या तळाचं गढूळ पाणी प्यायची.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं, पाणीमंत्र्याची निवडणूक खरीखुरी घ्यायची. मतदान केंद्रावरच्या ड्यूट्या करून करून मला सगळा विधी पाठ होता. चौथी ते सातवी मतदार. कंपनीतून आलेल्या एका मोठ्या खोक्याचा आडोसा, चित्रांची मतपत्रिका, शिक्क्याच्या पॅडवरची निळी शाई बोटाला. मोठ्या सरांनी परवानगी दिली, पण माझ्याकडं असं बघितलं, जणू बाईंना उन्हाचा त्रास होतोय.

घरी आईला हे सांगितलं. आई त्या वर्षी माझ्याकडं राहायला आली होती. देवगाव रंगारीला आमचं थोडं रान आहे. विहीर आटली, गुरं मामाकडं पाठवली, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून एकटीच असलेल्या तिला मी शहरात उचलून आणलं. इथं तरी काय, नळ आठवड्यातून एकदा यायचा. ती म्हणायची, "गावात हीर आटली तर दिसती तरी. तुमच्या नळाकडं बघून काय कळतंय?" दिवसभर तिला करमायचं नाही, म्हणून शाळेतून आले की शाळेतलं सगळं मी तिला सांगायची. ती शेंगा निवडत ऐकायची.

पाणीमंत्रिपदासाठी दोघं उभी राहिली. एक टँकरवाल्याचा मुलगा. शाळेला पाणी घालणारा टँकर त्याच्याच बापाचा, त्यामुळं पोरांचा हिशेब सरळ होता, ज्याचा टँकर त्याचाच मंत्री. दुसरी माळावरची, मेंढपाळाची पोर. ती स्वतः होऊन उभी राहिली नव्हती. चौथीतल्या एकानं तिचं नाव पुकारलं, कारण त्याच्या धाकट्या भावाला ही पोर स्वतःच्या पेल्यातलं पाणी द्यायची. नाव पुकारल्यावर ती आधी घाबरली, मग म्हणाली, "व्हते उभी."

मुलानं चिन्ह मागितलं टँकर. पोरीला वगराळं हवं होतं, पण ते तर पदाचंच चिन्ह झालं, म्हणून मी नाही म्हटलं. मग तिनं मेंढरू मागितलं. वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. तिनं मला विचारलं, "बाई, शिंगाचं काडता का बिनशिंगाचं?"

त्या आठवड्यात पोरांची बोटं पिवळी दिसायला लागली. शर्टाच्या खिशांवर, वह्यांच्या कडांवर पिवळं. मला वाटलं खिचडीत हळद जास्त पडतेय, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी दोन शब्द सुनावलेसुद्धा. त्या बिचाऱ्या पातेल्याकडं बघत राहिल्या.

मतदानाला दोन दिवस राहिले असतील. मधल्या सुट्टीत लिंबाखाली पोरांचा घोळका दिसला. मध्ये मेंढरू चिन्हवाली आमची उमेदवार. प्रचार चाललाय म्हणून मी कौतुकानं जवळ गेले. ती बोटं मोजत सांगत होती, "मी उभी हाय. पर ज्यांनी ज्यांनी भंडारा उचललाय त्यांनी टँकरलाच मारा बरं का. मी बी त्यालाच मारणार हाय. नायतर पाप लागंल."

मी म्हटलं, "अगं, उभी तू आहेस ना? मग मतं त्याला कशी मागतेस?"

"मी बी उचललाय ना, बाई."

मग एकेक बाहेर आलं. मी निवडणूक जाहीर केली त्याच दिवशी टँकरवाल्याचा मुलगा साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा कागदाच्या पुडीत घालून घेऊन आला होता. साताऱ्याचा, म्हणजे आपल्या शहराजवळच्याच डोंगराखालचा. टाकीमागं एकेकाला नेऊन त्यानं भंडारा उचलायला लावला होता. तळहातावर भंडारा घ्यायचा, वर पान ठेवायचं, आणि म्हणायचं, माझं मत ह्यालाच. बदल्यात हा मंत्री झाल्यावर उचलणाऱ्याला पाणी आधी. तेव्हा दुसरं कुणी उभंच नव्हतं, त्यामुळं जवळजवळ सगळ्यांनी उचलला. या पोरीनंही. दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा उभं राहणं वेगळं आणि मत देणं वेगळं, असा तिनं आपल्या मनाशी निवाडा केला होता. त्यात तिला काही अडचण दिसत नव्हती.

माझा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मी मुलाला बोलावलं आणि फैलावर घेतलं. तो काही घाबरला नाही. उलट मलाच काही ठाऊक नाही, अशा समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, इलेक्शनला असंच असतं. आमचे पप्पा बी असंच करतेत. नुसत्या तोंडाच्या हो म्हणण्यावर कोण भरोसा ठेवंल?"

मी तरातरा मोठ्या सरांकडं गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "देवाचं काम हाय, बाई. हात घालू नका. उद्या गाव येईल शाळेत. आन् पोरांना निवडणूक दाखवायची व्हती ना तुम्हाला? दिसली की."

या माणसावर मला इतका संताप आला की पुढचा तास मी शिकवलंच नाही. सातवीच्या वर्गात उभी राहून भाषण ठोकलं. मत गुप्त असतं. खोक्याच्या आड तुम्ही एकटे असता. आई नाही, बाप नाही, मी नाही, मोठे सर नाहीत. कुणाच्या चित्रावर शिक्का मारला हे जगात कुणालाही कळत नाही. माझं मलाच ते भाषण फार आवडलं.

मागच्या बाकावरून ती पोर उठली. "खंडोबाला कळतंय की."

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. घटनेत याचं उत्तर असेलही, माझ्याजवळ नव्हतं. मी वकिली करून बघितली. "तुम्ही पान कशाचं ठेवलंत?" झाडं वाळून गेल्यामुळं बेलाचं पान मिळालं नव्हतं, लिंबाचंच ठेवलं होतं. "मग बेलभंडारा कसा झाला? लिंबाच्या पानानं शपथ लागत नाही."

"पर भंडारा तर खरा व्हता," ती म्हणाली. वर्गानं माना डोलावल्या. खटला मी हरले.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. जवळ बसवल्यावर ती बोलली. तिचा बाप मेंढरं घेऊन पैठणकडं गेला होता, जायकवाडीचं पाणी हटून गाळ उघडा पडला होता तिकडं थोडं हिरवं होतं म्हणून. फोन लागत नव्हता. निघताना मेंढरांवर भंडारा टाकूनच निघाला होता. "त्याच द्येवाचा भंडारा उचलून म्या उलटं केलं, आन् तिकडं बाला काय झालं तर?" तिचे डोळे कोरडे होते. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. एका पेलाभर पाण्याच्या निवडणुकीत या लेकरानं बाप पणाला लावला होता, आणि मी तिला खोक्याच्या आडोशाचं कौतुक सांगत होते.

मी विचारलं, "मग यातून सुटायचं कसं?"

"ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हणायचं." एवढं साधं बाईंना कसं ठाऊक नाही, असं तिला वाटलेलं दिसलं. आणि खरंच, मला ठाऊक होतं. लहानपणी आम्ही ऊठसूट एकमेकींना शपथा घालायचो आणि मग "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मागं लागायचो. समोरचीनं सुटली म्हटल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "मंग त्या पोराला सांग की, सुटली म्हण म्हनावं."

"मी सांगून तो म्हणाला तर ते माझं होईल, आई. त्याला आपलं आपण वाटायला हवं."

"तुझं शिकवणं ऱ्हाऊ दे. पोर तिकडं जीव मुठीत धरून बसलीय." आई अशी कडक क्वचित बोलायची. मला वाटलं, टीव्हीवरच्या मालिकेसारखी तिला या गोष्टीची गोडी लागलीय.

दुसऱ्या दिवशी मुलाला मी एवढंच म्हटलं, "ती तुझ्यासाठी मतं मागतेय, तुला माहितेय का?" त्याचा विश्वास बसला नाही. "डाव असंल तिचा," तो म्हणाला. बापाचाच पोरगा. मधल्या सुट्टीत तो टाकीच्या आड उभा राहून ऐकत होता. लिंबाखाली ती नव्यानं दाखल झालेल्या पाचवीतल्या मुलीला समजावत होती की तू भंडारा उचलला नाहीस, तर तू मेंढराला मारलंस तरी चालंल, पर बाकीच्यांना नादी लावू नको. मुलगा बराच वेळ तिथं होता. मग पाणी न पिताच वर्गात आला. मी विचारलं, "काय ठरवलंस?"

"मी सुटली म्हणलं तर मी पडंन ना, बाई."

इतकं खरं उत्तर मला कुठल्याही उमेदवाराकडून कधी ऐकायला मिळालं नाही. मी म्हटलं, "पडशील कदाचित." तो रागानं माझ्याकडं बघत निघून गेला.

त्या संध्याकाळी दार उघडता उघडता आईनं विचारलं, "म्हणला का?"

"नाही."

"नायच म्हणायचा. घातलेली कोण सोडतंय?" असं म्हणून ती आत गेली आणि लवकर झोपली.

मतदानाच्या दिवशी खोकं वर्गाच्या कोपऱ्यात मांडलं. मी टेबलाशी, समोर शाई. पोरं ओळीत, पिवळी बोटं निळी करून घ्यायला तयार. हजेरीप्रमाणं टँकरवाल्याच्या मुलाचा नंबर पहिल्या पाचांत होता. शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली, आणि खोक्याकडं न जाता तो ओळीकडं वळला. कान लालबुंद झाले होते.

"ए, ऐका. सगळ्यांची सुटली. ज्यांनी ज्यांनी उचलला त्यांची." आणि कुणाला शंका राहू नये म्हणून वर म्हणाला, "आईशप्पथ सुटली."

चौथीतल्या एकानं काळजीनं विचारलं, "मंग पाणी बी आदी मिळणार नाय का?"

"नाय," तो म्हणाला आणि खोक्याच्या आड गेला.

मी त्या पोरीकडं बघितलं. तिनं दोन्ही तळहात फ्रॉकला पुसले. मग डोळे मिटून, हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि शहाण्यासारखी परत ओळीत उभी राहिली. तिथं टेबलाशी बसून मला पहिल्यांदा वाटलं, आज इथं खरोखरच काहीतरी होतंय.

मतं मी सगळ्यांसमोर मोजली. मनातून मी मेंढराची होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण टँकर निवडून आला, आणि चांगला निवडून आला. मोठे सर दारातून म्हणाले, "बघा, शेवटी तोच आला ना. कशाला एवढी यातायात?" मला तोंड लपवावंसं वाटलं.

पोरगी खोकं घडी घालायला मदत करत होती. मी म्हटलं, "तू तरी स्वतःला दिलंस ना?"

"नाय. त्यालाच दिलं."

"अगं बाई! त्यानं सुटली म्हटलं होतं ना?"

"व्हय, म्हणून तर. आदी द्यावं लागणार व्हतं. आज म्या दिलं." मग माझा चेहरा बघून तिनं मला समजावलं, "पडायचं भ्याव असून बी म्हणला तो, बाई. वगराळं द्याया बरा हाय."

पुढं पाणीमंत्री तो, पण रांजणापाशी ओळ लावायची तीच. पहिली-दुसरीची पोरं आधी. त्यानं एकदा आपल्या मावसभावाला मध्ये घुसवलं तर तिनं सगळ्यांदेखत त्याच्या हातातलं वगराळं काढून घेतलं, आणि राज्य त्या दिवसापुरतं उलथलं.

मतदानाच्या संध्याकाळी मी आईला निकाल सांगितला. वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "समद्यांची सुटली म्हणला? समद्यांची?"

"हो."

आई खिडकीतून खाली बघत राहिली. समोरच्या नव्या इमारतीला पाणी मारायला टँकर आला होता आणि लोक बादल्या घेऊन त्याच्याशी भांडत होते. ती म्हणाली, "आन् मला कोन म्हणंल गं, सुटली?"

आमच्या रानाला वाट नव्हती. मी अगदी लहान असताना गावातल्या एका मोठ्या घरानं मध्ये पडून ती वाट मिळवून दिली, एवढं मी ऐकून होते. त्या बदल्यात अण्णांनी त्या घरच्या पुढाऱ्यापुढं बेलभंडारा उचलला होता, हे मला आईनं त्या दिवशी सांगितलं. घरादारासकट उचलला होता. हे घर तुमच्याच पाठीशी, जिवात जीव असेपर्यंत. आई तेव्हा आत भाकरी करत होती. तिला कुणी विचारलं नाही. अण्णांनी बाहेरच्या ओसरीवरून भंडारा आणून तिच्या कपाळाला लावला आणि सांगितलं, आता तुलाबी लागू. तेव्हापासून दर निवडणुकीला ती त्याच घराच्या चिन्हाला मत देत आली. मी आपली समजत होते की तिला तो पक्ष आवडतो. मी तिच्याशी कितीदा वाद घातला होता, कागदावर आकडे काढून तिला चूक ठरवलं होतं. ती गप्प ऐकून घ्यायची.

"तो पुढारी गेला ना गं," मी म्हटलं. "अण्णाही गेले."

"म्हणून तर इचारते. घालणारा गेला, उचलणारा गेला. राह्यले मी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र अण्णांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो घेऊन कुठं जावं ते कळत नाही. मी उठून कुकर लावला.

पुढं काही महिन्यांनी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आईचं मत गावातच. मी तिला घेऊन आदल्या दिवशी एसटीनं देवगावला गेले. गावात उतरल्यावर घराकडं न वळता ती सरळ त्या मोठ्या घराकडं चालायला लागली. तिथं आता पुढाऱ्याचा मुलगा निवडणुकीला उभा होता. अंगणात मांडव, खुर्च्या, चहाची पातेली. त्यानं आईला बघितलं आणि लगबगीनं पुढं येऊन पाया पडला. चांगला होता तसा.

आई म्हणाली, "बाबा, तुझ्या वडलांपुढं आमच्या ह्यांनी भंडारा उचलला व्हता. घरादारासकट. तेवढं सुटली म्हण."

तो गोंधळला. "काकू, माझं काय चुकलं का? रस्त्याचं राह्यलंय, ते मला ठावं हाय..."

"तुझं काय बी चुकलं नाय. मत कदाचित तुलाच देईन. पर सुटली म्हण."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मागं बसलेल्या माणसांकडं. माझ्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ही परीक्षा माझी नव्हती. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणजे घरचं माणूस. घरच्या माणसाला कुठं सुटली म्हणतेत का? ए, काकूंना च्या आणा." चहा आला. आईनं तो घेतला, कप खाली ठेवला आणि निघाली.

फाटकाबाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "त्या टँकरवाल्याच्या पोराचं वय काय गं?"

"बारा असेल."

"हं," आई म्हणाली.

सकाळी मतदान केंद्र म्हणजे गावचीच शाळा. माझं मत शहरात, म्हणून मला आत जाता येईना. मी दाराशी, पायरीच्या कडेला उभी राहिले. तिथून पुठ्ठ्याचा आडोसा दिसत होता आणि त्याखाली आईच्या लुगड्याचा काठ. आडोशाआड जाऊन तिला बराच वेळ झाला, तरी मशीन वाजेना. अधिकाऱ्यानं मान वर केली. मागच्या ओळीतल्या बाया कुजबुजायला लागल्या. मला वाटलं तिला बटण सापडत नाहीय. दिसायला तिला कमी होतंच.

तेवढ्यात आडोशामागून तिचा आवाज आला. मोठा नाही, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल एवढा.

"सुटली."

"आजी, आत बोलायचं नसतं," अधिकारी म्हणाला. "कुणाशी बोलताय?"

मग मशीनचा तो लांब आवाज आला आणि आई डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली. बोटाची शाई ओली होती, म्हणून ते बोट तिनं लहान मुलासारखं अंगापासून लांब धरलं होतं. तिनं मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, आजपर्यंत विचारलेलं नाही.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या. बरंच अंतर गेल्यावर तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"त्या पोरीचा बाप आला का गं पैठनहून?"

"आला की, दसऱ्यालाच आला."

"धडधाकट?"

"धडधाकट. शाळेत येऊन मला भेटून गेला."

"आन् मेंढरं?"

"तीही आली."

"मंग बरं झालं," आई म्हणाली. हात तसाच धरून ती खिडकीला टेकली आणि तिचा डोळा लागला. त्याची काही मेंढरं वाटेत दगावली होती. दुष्काळ होता, त्या वर्षी सगळ्यांचीच दगावली होती. ते मी आईला सांगितलं नाही.